काय लागतंय, सांग

दुधाचं पातेलं मी गॅसवरून उचललं, ओट्यावर ठेवलं, आणि बायको किंचाळली.

"अहो! फडकं घ्यायला काय झालं?"

फडकं तिच्याच खांद्यावर होतं, पण तो मुद्दा काढण्यात अर्थ नव्हता. मी हाताकडे बघितलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं लालबुंद झाली होती. ती दुसऱ्या कुणाची असावीत तसा मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. बायकोनं हात ओढून नळाखाली धरला. पाणी मनगटावर आलं तेव्हा गार लागलं. बोटांवरून जात होतं तेव्हा काहीच नव्हतं, नुसता पाण्याचा आवाज. "लक्ष कुठं असतं तुमचं?" ती म्हणाली आणि मलम शोधायला गेली. लक्ष नसतं हा आरोप मी बिनतक्रार मान्य केला. वेंधळा नवरा ही घरात चालून जाणारी गोष्ट आहे. तिला सवय आहे, मलाही आहे. खरी गोष्ट सांगितली असती तर दूध राहिलं असतं बाजूला आणि ती तिथंच फरशीवर बसली असती.

खरी गोष्ट मला बरेच दिवस ठाऊक होती. शर्टाचं बटण काजात गेलं की नाही हे खाली वाकून बघावं लागायला लागलं तेव्हापासून. डॉक्टरांकडे गेलो होतो, घरी न सांगता. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि टाचणी घेऊन विचारायला लागले, इथं लागतंय? इथं? मी आपला हो, हो म्हणत होतो, शाळेत कविता पाठ आहे असं सांगावं तसा. थोड्या वेळानं ते म्हणाले, "अहो, मी अजून टोचलेलंच नाहीये." आम्ही दोघंही हसलो. मग ते हसायचे थांबले आणि म्हणाले, जन्मभर घासायचं थरथरणारं यंत्र हातात धरलंत, नसा दमल्या. आहे तेवढं जपा. दुसऱ्या एखाद्या माणसाला हे सांगितलं असतं तर त्यानं जपलं असतं. मी साचे करतो. प्लास्टिकची वस्तू ज्या पोलादी पोकळीत ओतली जाते ती पोकळी घासून, चकचकीत करून, तिचे दोन अर्धे भाग एकमेकांना असे भिडवतो की मधून श्वाससुद्धा जाऊ नये. हे काम डोळ्यांचं आहे असं लोकांना वाटतं. डोळा चकाकीला भुलतो. शेवटचा निवाडा बोटाचा.

आणि आजच निवाडा द्यायचा होता. मुलगी आणि मी मिळून चालवतो त्या कारखान्यात माझ्या टेबलावर एक साचा माझी वाट बघत होता आणि त्यातून काढलेले पहिले नमुने. कपडे घालताना मी मनाशी ठरवून टाकलं: आज बोटांनी सांगितलं तर ठीक. नाही सांगितलं तर मुलीला बोलावून सगळं सांगायचं आणि टेबल सोडायचं. तिच्या हाताखाली हिशेबाला बसेन, नाहीतर घरी पेपर वाचेन. ठरवून झाल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

घर ते कारखाना मी चालत जातो. वाटेत शटरवाली दुकानं, त्यामागं पत्र्याच्या शेड, कुठं पत्रा कापल्याचा आवाज, कुठं वेल्डिंगचा निळा उजेड. चालताना मी हात खिशात घातला आणि कंगवा चाचपला. सवय आहे. कुठल्याही प्लास्टिकच्या वस्तूवर एक बारीक रेघ असते, साच्याचे दोन भाग जिथं भेटतात तिथली. माणसं ती वस्तू वर्षानुवर्षं वापरतात आणि ती रेघ त्यांना दिसत नाही. आम्हाला तेवढीच दिसते. लग्नात जेवायला गेलो तरी मी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवून कुणाच्या हातचं काम आहे ते बघतो, आणि बायको खालून पायावर पाय देते. आज कंगव्यावर बोट फिरवलं तर कंगवा आहे एवढंच कळलं.

पातेलं मात्र डोक्यातून जाईना. कारण ते असं उचललेलं मी आधी पाहिलं होतं. माझ्या नाही, मावशीच्या हातात. मावशी पातेलं कधी चिमट्यानं धरायची नाही. गॅस बंद करायची, पातेलं दोन्ही हातांनी उचलायची आणि सावकाश, देवासमोर नैवेद्य ठेवावा तशी खाली ठेवायची. मला तेव्हा त्याचा केवढा अभिमान! मी मित्रांना सांगायचो, आमच्या मावशीच्या घरात चिमटाच नाही. पोलाद घासून घासून तिचे हातच पोलादी झालेत, असं माझं मत होतं. विशीच्या आतबाहेरचं वय, मतांना काय तोटा.

तिच्याकडे मी आलो तो नापास होऊन. कॉलेजात एकदा, मग खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा. वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. जेवताना ते आईला म्हणायचे, त्याला विचार भात हवा का. मावशी एका मोल्डच्या, म्हणजे साच्यांच्या, कारखान्यात पॉलिशचं काम करायची, त्या खात्याची ती मुख्यच होती. ती एक दिवस आली, आईच्या हातचा चहा प्यायली आणि म्हणाली, "दे याला माझ्याकडे." आई म्हणाली, "अगं, त्याला त्यातलं काय येतंय?" "लोखंड घासायला अक्कल लागत नाही," मावशी म्हणाली, "घासता घासता येते." वडील त्या दिवशी माझ्याशी थेट बोलले. म्हणाले, जा. मी गेलो. आज इतक्या वर्षांनी वाटतं, त्या चहाच्या कपाएवढी मोठी गोष्ट माझ्या आयुष्यात दुसरी घडलेली नाही.

सुरुवातीला मावशीनं मला काही करू दिलं नाही. एका तुकड्यावरून दगड फिरवायचा, मग त्याहून बारीक दगड, मग कागद, मग लाकडाच्या काडीला हिऱ्याची पेस्ट लावून. प्रत्येक वेळी आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढं जायचं नाही. आणि शेवटचा हात नेहमी वस्तू ज्या दिशेनं बाहेर निघणार त्या दिशेनं, आडवा कधीच नाही. आडवा ओरखडा किती का बारीक असेना, प्लास्टिक त्याला धरून बसतं आणि बाहेर यायचं नाव काढत नाही. "हट्टी पोराला दारातून ओढतात ना, तसं होतं," ती म्हणायची. प्लास्टिक थंड होताना आकसतं म्हणून पोकळी थोडी मोठी ठेवायची असते, हे तिनं मला समजावलं ते मालकाकडे हळूच बोट दाखवून: "गरम असतं तोवर फुगलेलं असतं. निवलं की आपल्या मापावर येतं." मालक खरंच तसे होते. मला हा नियम पुन्हा विचारावा लागला नाही.

आणि मग तो प्रश्न. दिवसातून किती वेळा, देव जाणे. मी घासत असलो की ती मागं येऊन उभी राहायची. केरोसीनचा आणि तिच्या खोबरेल तेलाचा वास एकदम यायचा. "डोळे मीट," ती म्हणायची. "बोट फिरव. काय लागतंय, सांग."

"गुळगुळीत."

"गुळगुळीत तर टक्कलही असतं. नीट सांग, गुलामा."

मग मी शब्द शोधायचो. खरखरीत नाही, पण बोट सरकताना मधेच कचरतं. कुठं? इथं. डावीकडून येताना, की उजवीकडून? डावीकडून. परत येताना? परत येताना नाही कळत. "हं," ती म्हणायची, "म्हणजे उजवी बाजू वर आहे." आणि दगड घेऊन बरोबर तिथंच दोन हात मारायची. "आता?" आता कमी. "आता?" आता नाही. मी घामाघूम व्हायचो. दिवसभर तोंडी परीक्षाच. कॉलेजात दोन वर्षांत मला कुणी एवढे प्रश्न विचारले नव्हते, आणि माझं उत्तर संपेपर्यंत असं मान तिरकी करून तर कुणीच ऐकलं नव्हतं. त्या ऐकण्यामुळं मी शिकलो. माझ्या बोटांना काहीतरी कळतं आणि ते ऐकायला एक शहाणं माणूस थांबलेलं आहे, ही गोष्ट नापास मुलाला किती वर उचलते ते नापास झाल्याशिवाय समजायचं नाही.

तिची एक खोड होती. काम संपलं की ती पोलादाचा तुकडा नाहीतर प्लास्टिकचा नमुना उचलून खालच्या ओठावरून फिरवायची, डोळे मिटून. लेथवर एक खर्जातल्या आवाजाचा गृहस्थ होता, त्याला सगळे भोंगा म्हणायचे. तो लांबून ओरडायचा, "मावशी, मुका घ्यायचा तर आधी त्याला आंघोळ तरी घाला!" मावशी शांतपणे म्हणायची, "तुझ्यापेक्षा स्वच्छ आहे ते." एकदा मी विचारलं तर म्हणाली, "अरे, बाळाच्या दुधाच्या बाटलीचं टोपण आहे हे. बाळ तोंडाला लावणार. मग आपण आधी लावून बघायला नको?" मला ते फार पटलं. पण भोंगा बोलायचं सोडतो होय? म्हणाला, "आणि काल स्विचच्या डबीलाही लावलंत, ती कुठलं बाळ चोखणार?" सगळे हसले, मावशीही हसली, आणि मी सर्वांत मोठ्यानं हसलो.

माझा पहिला स्वतंत्र साचा साबणाच्या डबीच्या झाकणाचा. त्या थंडीत मावशीचा ओठ फुटला होता, पांढरं मलम फासून ती वावरत होती, त्यावरूनही भोंग्यानं काय काय म्हणून घेतलं. मी त्या पोकळीला अशी चमक आणली की तिच्यात बघून भांग पाडता यावा. मावशीनं विचारलं, "कड कशी लागतेय?" मी म्हटलं, "एक नंबर. लोण्यासारखी." तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं, मग साचा मशीनवर पाठवून दिला. आणि पहिलंच झाकण बाहेर आलं ते चहूबाजूंनी पापुद्रा घेऊन. मी हौसेहौसेनं पोकळीची कडसुद्धा घासली होती. कड तिखट, धारदार लागायला हवी. लोण्यासारखी लागली म्हणजे ती मेली. दोन भाग भिडतात तिथं फट पडते आणि प्लास्टिक तिच्यातून बाहेर डोकावतं. हे दुसऱ्या कुठल्या धंद्यात होणार नाही. सगळीकडं जास्त मेहनत केली की वस्तू सुधारते. आमच्यात एखाद्यानं जीव ओतला की कडेचा जीव जातो.

मालक फुगले. अख्ख्या कारखान्यासमोर मला विचारलं, डोळे फुटले होते का? मावशी मधे उभी राहिली. "त्याला काही बोलू नका. चूक माझी आहे. त्यानं लोण्यासारखी म्हणून सांगितलं होतं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं." मालक तिला काय बोलणार? धुमसत निघून गेले. पुढं कितीतरी दिवस आम्ही दोघांनी त्या साच्याचं तोंड छाटून सगळं पहिल्यापासून केलं. कडेला दुसरा पोलादी तुकडा टेकवून दोन्हींवरून एकदम घासायचं, म्हणजे झीज त्या तुकड्याची होते आणि आपली कड शाबूत राहते, हे तेव्हा शिकलो. घरी जाताना मी रडकुंडीला आलो होतो. ती म्हणाली, "चकाकी कुणालाही आणता येते रे. कड राखायला शीक." एवढंच. इतक्या वर्षांच्या अनुभवी हाताखालून मेलेली कड कशी निसटली, हे कोडं मला नंतर कधीतरी पडलं, आणि मी माझ्यापुरतं सोडवूनही टाकलं. म्हटलं, तिनं मुद्दाम जाऊ दिली असणार. ठेच लागून शिकावं म्हणून. आणि मग मोठ्या मनानं दोष अंगावर घेतला. या उत्तरावर मी खूश होतो. कुणाकुणाला सांगितलंही.

कारखान्यात पोचलो तेव्हा मुलगी कॉम्प्युटरवर कसलं तरी चित्र गरागरा फिरवत होती. "बाबा, हाताला काय झालं?" "दूध उतू जात होतं." "मग?" "मग नाही गेलं." ती हसली आणि पुन्हा चित्राकडं वळली. माझ्या टेबलावर नमुने ओळीत मांडलेले होते. झोपलेल्या आजाऱ्याला पाणी पाजायचे कप, एका बाजूला चोच असलेले. हे काम मी मागून घेतलं होतं. मावशीच्या शेवटच्या आजारात मी तिला असल्याच एका कपानं पाणी पाजत होतो. बोलणं जवळपास थांबलं होतं तिचं. चोच ओठाला लावली तशी तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं, नको असेल. तर ती ओठातल्या ओठात म्हणाली, "कुणी केलाय रे हा? कड बघितली नाही मेल्यानं." मी रडत होतो आणि त्यात हसू फुटलं. घरी कानस नव्हती. बायकोच्या नखं घासायच्या पट्टीनं मी ती रेघ घासली, आणि मग ती प्यायली.

मी एक कप उचलला. चोचीच्या मधोमध ती रेघ जाते, इथंच ओठ टेकणार. दोन भागांपैकी एक केसभर जरी पुढंमागं झाला असेल तरी तिथं पायरी पडते. मी नख आडवं फिरवलं. काही नाही. उलट फिरवलं. काही नाही. दुसरा कप घेतला, डावा हात वापरला, डोळे मिटले, श्वास धरला. गुळगुळीत. गुळगुळीत तर टक्कलही असतं. मला स्पष्ट ऐकू आलं, मावशी मान तिरकी करून म्हणावी तसं. म्हटलं, झालं. संपलं आपलं. आता उठायचं आणि त्या कॉम्प्युटरपर्यंत चालत जायचं. तेवढं चार पावलांचं अंतर. कप हातातच होता. का कोण जाणे, मी तो ओठाला लावला. तहान लागल्यासारखा. आणि ओठ अडला.

उजवीकडून येताना. परत येताना नाही. डावी बाजू वर होती, बारीकशी, पण ओठाला ती उंबरठ्यासारखी लागत होती. मी पुन्हा फिरवला. पुन्हा तिथंच. आणि मग मावशी खालच्या ओठावरून पोलाद फिरवताना दिसली. पातेलं उचलताना दिसली. सुईत दोरा ओवायला मला हाक मारणारी दिसली, आणि मी समजत होतो तिला दिसत नाही. हातातली सुई तिला लागत नव्हती. चोळीचे हूक लावायला शेजारच्या काकूंना बोलावणारी. माझ्या मागं उभी राहून विचारणारी. ती परीक्षा नव्हती. तिला उत्तर माहीत नव्हतं. मी उत्तर दिल्याशिवाय तिनं कधीच दगड उचलला नाही, हे मी रोज बघत होतो, आणि माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नाही. त्या थंडीत ओठ फुटला होता, मलम होतं, म्हणून तिच्यापाशी फक्त माझा शब्द होता. मी लोण्यासारखी म्हणालो. तिला शंका आली असणार, क्षणभर माझ्याकडं बघितलं ते त्यासाठीच. पण तिनं माझ्या बोटांवर भरवसा टाकला. मालकांपुढं ती मोठ्या मनानं बोलली नव्हती, जे होतं ते तसंच सांगत होती. मी शिकत होतो असं मला वाटत होतं, आणि मी कामाचा माणूस होतो. पहिल्या दिवसापासून. वडील ज्याच्याशी बोलत नव्हते त्या पोराच्या दोन बोटांवर एका बाईनं आपला सगळा आब ठेवला होता, आणि रोज संध्याकाळी तो आब शाबूत घरी न्यायची. माझ्या डोळ्यांना धार लागली. दुःख नव्हतं ते. इतकं मिळालेलं होतं आणि मोजायला मी आज बसलो होतो.

एकच गोष्ट तिनं केली नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरं कुणी बसलं असतं, म्हणून तिला ते एकटीनं सोसावं लागलं. मला तशी काय भीती होती? माझ्या जागेवर टपलेलं एकमेव माणूस रोज मला डबा खाल्लात का म्हणून विचारतं.

"इकडे ये गं जरा," मी म्हटलं.

ती आली. मी कप तिच्या हातात दिला. "डोळे मीट. चोचीवरून बोट फिरव. काय लागतंय, सांग."

"बाबा, परत परीक्षा?" लहानपणापासून ती हे ऐकत आली आहे. तिनं डोळे मिटले.

"परीक्षा नाही," मी म्हटलं. "मला कळत नाहीये. बोटांना काही लागत नाही माझ्या. म्हणून विचारतोय."

तिनं डोळे उघडले. माझ्या लाल बोटांकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. दुधाचं पातेलं तिला तिथल्या तिथं कळलं असणार. पुन्हा डोळे मिटले आणि बोट फिरवलं, सावकाश, दोन्ही बाजूंनी.

"उजवीकडून येताना अडतंय," ती म्हणाली. "डावी बाजू वर आहे."

"म्हणजे पोलादात?"

"पोलादात डावी खोल आहे. म्हणून घासायची ती उजवी."

"कड सोडून."

"कड सोडून. माहितीय हो." मग ती थांबली. "पण बाबा, तुम्हाला आधीच माहीत होतं. कप हातात देताना तुम्ही चोच बरोबर त्या बाजूला धरली होती. बोटांना कळत नाही तर कशानं कळलं?"

मी दुसरा कप उचलला आणि खालच्या ओठावरून फिरवून दाखवला. तिनंही तसंच केलं. क्षणभर तिची मान तिरकी झाली.

"अय्या," ती म्हणाली. "इथं तर किती स्पष्ट लागतंय! हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मावशीनं."

"मग इतक्या दिवसांत कधी बोलला नाहीत ते? कधी शिकवलं?"

टेबलावरचा दगड मी तिच्याकडं सरकवला आणि स्टूल तिच्या शेजारी ओढून घेतलं.

"आत्ता," मी म्हटलं.